दुधी नखं, पिवळा हात

पडद्याच्या फटीतून आधी एक हात आत आला. मनगटापर्यंत पिवळाधमक. नखांच्या कडांना तर रंग इतका दाट, की करुणाच्या हातातली काचेची बाटली सुटून खुर्चीखाली गडगडत गेली.

"टेलरकाका..." हातामागून आवाज आला. मग हिरवा पडदा बाजूला झाला आणि हाताचा मालक दिसला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, सडपातळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. भुवयांवरसुद्धा पिवळी भुकटी बसली होती.

"कावीळ झाली का काय तुमाला?" करुणाच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं आपल्याच हाताकडं पाहिलं आणि तो हसला. "न्हाई हो मॅडम. हळद हाय."

करुणाचे कान तापले. हिंगोली जिल्ह्यात जन्मायचं, ऐन मार्चात सगळं आखाडा बाळापूर हळदीच्या वासानं भरलेलं असायचं, आणि हळदीचा हात ओळखू येऊ नये? पण ती घाबरली होती, आणि घाबरली की तिला काही म्हणजे काही सुचत नसे. एवढं घाबरायला काय झालं, असं कुणी विचारलं असतं तर तिनं बोटांवर कारणं मोजून दाखवली असती. परका माणूस. बायकांची जागा. अप्पा चहाला गेलेले. आणि मशीन बंद.

मशीनचं आधी सांगायला हवं. बाजाररस्त्यावरच्या त्या दुकानाचा पुढचा भाग करुणाच्या वडिलांचा, म्हणजे सोनाजी टेलरांचा. हिरव्या पडद्यामागचा कोपरा करुणाचा. तिथं एक टेबल, दोन खुर्च्या, फळीवर अकरा रंगांच्या बाटल्या आणि नखांवरचं जेल सुकवायचा जांभळ्या उजेडाचा दिवा. नांदेडला तीन महिन्यांचा क्लास करून तिनं हा संसार मांडला होता. पुढं सोनाजींची पायमशीन खडखडत असली की मागं मोकळं बोलता यायचं. मशीन थांबली की श्वाससुद्धा पलीकडं ऐकू जायचा. त्यामुळं करुणाचा एक कान कायम मशीनकडं असायचा.

"अप्पा येतील आत्ता," ती कशीबशी म्हणाली. "तुमी भाइर बसा, दादा."

"बसतो. पन तुमची बाटली..." तो वाकला, खुर्चीखालून बाटली काढून त्यानं टेबलावर ठेवली. काचेवर पाच पिवळी बोटं उमटली. "फुटली न्हाई. काय करता तुमी इथं?"

"नखं."

"कापता?"

"कापत न्हाई. पॉलिश करते."

"मंग आपला धंदा एकच की. मीबी पॉलिशच करतो, हळदीचं." त्यानं हातानं भलं मोठं पिंप फिरवून दाखवलं. "शिजवायची, वाळवायची, ड्रममधी घालून फिरवायची. वरचं खडबडीत साल निघून जातं, अन् आतून चकचकीत हळकुंड निघतं. डोंगरकडा गावचा हाय मी. स्वप्निल."

नाव तिनं विचारलं नव्हतं. तरी ते तिला संध्याकाळपर्यंत आठवत राहिलं, आणि त्याचीही तिला भीतीच वाटली.

तो आला होता बहिणीचं ब्लाउज शिवायला टाकायला. दिपाचं लग्न ठरलं होतं, मुलगा साखरा गावचा. पांढरी साडी, पांढरं ब्लाउज. सोनाजी चहा पिऊन आले, त्यांनी मापाचं ब्लाउज ठेवून घेतलं आणि पावती फाडली. जाता जाता स्वप्निल पडद्याकडं बघून म्हणाला, "काका, नवरीची नखंबी होतात का हितं?"

"पोरीला इचार," सोनाजी म्हणाले, आणि मशीनवर बसले.

सोनाजी एवढंच बोलायचे. त्यांनी करुणाला आयुष्यात कधी रागावलं नव्हतं, आणि तेच तिला जड जायचं. मनात काय चाललंय याचा पत्ताच लागत नसे. दिवाळीनंतर तिच्या मामानं परभणीचं स्थळ आणलं. मुलगा बँकेत, घर पक्कं, फक्त बायकोनं दुकानात बसलेलं त्यांना चालणार नव्हतं. करुणानं रडून रडून डोळे सुजवले, तेव्हा सोनाजी म्हणाले होते, "जयंतीपर्यंत बघू. चाललं दुकान तर चाललं." चौदा एप्रिलची जयंती. आता मार्च निम्मा सरला होता, आणि दुकान चालत होतं असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. तिची पहिली गिऱ्हाईक बाई तिसऱ्या दिवशी परत आली होती आणि निघालेल्या रंगाचे दहाच्या दहा पापुद्रे काडेपेटीत घालून टेबलावर ठेवून गेली होती. ती काडेपेटी करुणानं अजून टाकली नव्हती. कुठलाही नवा हात हातात घेताना तिला आधी ती काडेपेटी दिसायची.

शनिवारी स्वप्निल दिपाला घेऊन आला. दिपा गोल चेहऱ्याची, बोलकी, भावापेक्षा दोन वर्षांनी लहान.

"उद्या साखरपुडा, अन् पुढच्या सोमवारी लग्न," ती म्हणाली. "नऊ दिवस टिकलं पाह्यजे, मॅडम. मधी यायला जमनार न्हाई. घरादारानं हळद शिजवून राहिलेत, कुनाला फुरसत न्हाई."

नऊ दिवस. करुणानं बोटांवर मोजले. पांढऱ्या साडीवर शोभेल असा रंग दिपानं निवडला, दुधात गुलाबी थेंब पडावा तसा. करुणानं नखं स्पिरिटनं दोनदा पुसली. काडेपेटीवाल्या बाईच्या वेळी हेच राहिलं होतं, नखावरचा तेलकटपणा गेला नव्हता. मग मुळाची कातडी हळूच मागं सारली, फाइल एकाच बाजूनं फिरवली, पातळ बेस कोट दिला. प्रत्येक नखाच्या टोकावरूनही ब्रश ओढला.

"ते टोकाला कशाला?" स्वप्निलनं विचारलं. तो पडद्याच्या अलीकडं, पण अर्धा पडद्यातच, स्टुलावर बसला होता.

"न्हाई ओढला तर तिथूनच उकलतं."

दिव्याचा जांभळा उजेड दिपाच्या बोटांवर पडत होता. पुढं मशीन खडखडत होती. करुणानं सगळं नीट सांगितलं. आज रात्रीपर्यंत गरम पाण्यात हात घालायचा नाही. भांडी घासताना रबरी हातमोजे. नखानं डब्याचं झाकण उघडायचं नाही, पिन काढायची नाही. कुठं कड उचलली तर ओढायची नाही, फोन करायचा. "अन् रोज झोपायच्या आधी नखाच्या मुळाशी एक एक थेंब तेल. नख कोरडं पडलं की तडकतं, अन् नखासंग रंगबी जातो."

"इतकं माझ्या ध्यानात न्हाई राहनार," दिपा म्हणाली.

"माझ्या राहील," स्वप्निल म्हणाला. "सांगा मॅडम, पुन्हा एकदा सांगा."

"आत्ताच तर सांगितलं."

"तवा मी तुमच्या हाताकडं बघून राहिलो होतो. ऐकलंच न्हाई."

आणि नेमकी तेव्हाच मशीन थांबली. करुणाचा ब्रश हवेतच राहिला. दिपानं ओठ दाबून हसू आवरलं. पलीकडं कात्री उचलल्याचा आवाज झाला, कापड फाडल्याचा झाला, आणि मग मशीन पुन्हा सुरू झाली. करुणानं सोडलेला श्वास त्या दोघांनाही ऐकू गेला असणार.

सोमवारी तो आला. मोबाइलमध्ये दिपाच्या दोन्ही हातांचा फोटो. "तिसरा दिवस, मॅडम. दहाच्या दहा हजर."

बुधवारी पुन्हा आला. सोनाजी म्हणाले, "ब्लाउज शुक्रवारी देतो म्हनलो होतो, बापू."

"असू द्या काका. डिझेल न्यायला आलतो. बसतो जरा."

अलीकडं मशीन फार चालते, असं करुणाला वाटायचं. लगीनसराई आहे, कपडे आले असतील. पुढच्या दांडीवर दोन-तीनच कपडे लटकलेले असायचे, पण तिकडं बघायला तिचं चित्त कुठं ठिकाणावर होतं?

बुधवारी त्यानं फोटो दाखवलाच नाही. अंगठा दाखवला. ड्रमच्या झाकणात अडकून नख अर्ध्यात फाटलं होतं.

"ओढलं का तुमी?" तिनं विचारलं.

"तुमी ओढू नका म्हनलं होतं."

"ते दिपाला."

"मला वाटलं, सगळ्यायला."

तिनं त्याचा हात ओढून टेबलावर घेतला. आणि मग लक्षात आलं की आपण तो ओढून घेतला, आणि आता सोडायला काही कारण नाही. फाटलेला तुकडा तिनं कापला, कड फाइलनं गोल केली. नख कोरडंठाक झालं होतं, मुळाशी कातडी चिरलेली. तिनं तेलाचा थेंब सोडला आणि हळूहळू चोळू लागली. तिच्या बोटांना पिवळं लागत होतं. तिनं पाहिलं, पण त्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला नाही.

"दुखतंय का?"

"न्हाई... चालू द्या."

या वेळी 'दादा' म्हणायचं राहून गेलं होतं. हे दोघांच्याही लक्षात आलं होतं.

"या दिव्यात नुसता हात घातला तर काय व्हतं?" त्यानं विचारलं आणि तिनं नको म्हणायच्या आत हात आत सरकवून बटण दाबलं. जांभळ्या उजेडात त्याचा सगळा पंजा हिरवट-पिवळा उजळला, काजव्यासारखा. नखांच्या कडा, तळव्याच्या रेघा, सगळं लखलखायला लागलं.

"अगंबाई," करुणा पुटपुटली.

"दहा वेळा साबन लावला व्हता."

"तरी?"

"ही जात न्हाई, मॅडम. लागली म्हंजे लागली."

तिला हसू आलं. हसता हसता तिनं दिवा बंद करायला हात पुढं केला, आणि तिची चार बोटंही तशीच उजळली. त्याच्या पंजाशेजारी, त्याच हिरवट उजेडात. पलीकडं मशीन धावत होती.

"तुमालाबी लागली," तो अगदी हळू म्हणाला.

तिनं बटण दाबलं. दिवा विझला. छातीत इतकं धडधडत होतं, की ते मशीनच्या आवाजातूनही पलीकडं जाईल असं तिला वाटलं. "जा तुमी आता. अप्पा..."

"अप्पा शिवून राहिले."

"मशीन थांबंल."

"थांबली की जातो."

मशीन थांबली नाही. शेवटी तोच उठला, आणि पडदा सोडताना एकदा मागं वळून बघून गेला.

त्या रात्री करुणानं हात तीनदा घासले. चामडीवरचा रंग निघाला, पण तिच्या बिनरंगाच्या नखांच्या कडांना पिवळी रेघ राहिलीच. शुक्रवारी शितलबाई आल्या, शाळेतल्या. त्यांचा हात दिव्यात धरताना करुणाची बोटं जरा आत गेली.

"अगं, तुझी नखं काहून चमकून राहिली?" शितलबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं. शाळेत बोलून बोलून त्यांचा आवाजच तसा झाला होता.

मशीन थांबली.

करुणानं बोटं झटकन बाहेर घेतली. "हळद... भाजीची असंल, ताई."

"भाजीची एवढी?"

"सकाळी कढी केली व्हती तिनं," पडद्यापलीकडून सोनाजी म्हणाले. "हात धुतला नसंल बराबर." आणि मशीन सुरू झाली.

सकाळी घरात कढी झाली नव्हती. करुणाच्या हातून टॉप कोटचा थेंब टेबलावर सांडला. अप्पा खोटं बोलले. म्हणजे अप्पांना माहीत आहे. माहीत आहे आणि ते काहीच म्हणत नाहीत. यापेक्षा त्यांनी पडदा ओढून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. संध्याकाळी मामाचा फोन आला, तेव्हा तर तिचा जीवच गेला. सोनाजी फोन घेऊन रस्त्यापलीकडं गेले, लिंबाखाली उभे राहून बराच वेळ बोलले. ती पुढच्या खिडकीतून बघत होती. ते मान हलवत होते. परत आले आणि काजं करायला बसले.

त्याच दिवशी दिपाच्या नखांचा फोटो आला होता. रंग पिवळट दिसत होता. बल्बचा उजेड असेल, असं करुणानं स्वतःला समजावलं.

बल्बचा उजेड नव्हता. रविवारी सकाळी दहाला स्वप्निल दुकानासमोर गाडीवरून उतरला. आज त्यानं हात कोपरापर्यंत घासून धुतले होते. तो आधी सोनाजींसमोर उभा राहिला.

"जयभीम, काका. दिपाची नखं पिवळी पडली. दहाच्या दहा. उद्या लग्न, अन् ती रडून राहिली. घर पाव्हन्यायनं भरलं, तिला आनता येत न्हाई. मॅडमला... करुनाला घेऊन जाऊ का?"

मशीन थांबली. पडद्यामागं करुणानं टेबलाची कड घट्ट धरली. सोनाजींनी त्याच्या हातांकडं पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडं. एवढा वेळ लागला, की रस्त्यावरून एक ट्रॅक्टर येऊन गेला.

"साडेपाचच्या आत," सोनाजी म्हणाले.

"व्हय."

"अन् गाडी हळू."

गाडीवर दोघांच्या मधे तिची पेटी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतात हळदीचे कुकर वाफा सोडत होते, शिजलेली हळद चादरी पसरल्यासारखी वाळत पडली होती. इतर वेळी करुणानं डोळे भरून पाहिलं असतं. आज तिला फक्त काडेपेटी दिसत होती. उद्या मांडवात दोन गावांचे लोक असतील. पांढऱ्या साडीवर पिवळी नखं. कुणी केली, बाळापूरच्या सोनाजी टेलरच्या पोरीनं केली.

"माझं दुकान बंद व्हईल," ती म्हणाली.

"एका नखापायी?"

"दहा." आणि मग तिनं त्याला सगळंच सांगून टाकलं. जयंतीपर्यंतची मुदत, परभणीचं स्थळ, परवाचा फोन, अप्पांचं मान हलवणं. पाठीमागून बोलायला सोपं जात होतं. गाडीचा वेग कमी कमी होत गेला.

"काय करतो तो?" त्यानं विचारलं.

"बँकेत हाय."

"मंग हात स्वच्छ असतील त्याचे," तो म्हणाला. त्याला हसवायचं होतं, पण त्याच्याच आवाजात हसू नव्हतं.

डोंगरकड्याला अंगणात मांडव पडला होता. दिपा आतल्या खोलीत गुडघ्यात तोंड घालून बसली होती. शेजारी तिची आई चतुराबाई. करुणानं दिपाचे हात उजेडात घेतले. एकही कड उचललेली नव्हती. आठ दिवस रंग जागचा हलला नव्हता. पण दुधी म्हणावा असा कणही उरला नव्हता, सगळा जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट.

"तेल लावत व्हता का?"

"रोज," दिपा हुंदका देत म्हणाली. "एक दिवस चुकले न्हाई. जेवन झालं की तेल लावायची, अन् मंग आईसंग हळद निवडत बसायची गप्पा मारत. झोप येईपर्यंत."

करुणाला आपली बुधवारची बोटं आठवली. तेल लावून त्याचा अंगठा चोळला आणि पिवळं कसं झरझर चढलं ते. तेल हळद ओढून घेतं. नांदेडच्या क्लासमधल्या बाईंनी 'रोज रात्री तेल' शिकवलं, ते बरोबरच होतं, पण नांदेडच्या बाईंच्या घरात हळदीचे ढीग नव्हते. आणि आपण हळदीच्या घराला तोच सल्ला जसाच्या तसा दिला. दिपानं तो मन लावून पाळला, म्हणूनच हे झालं.

गप्प राहता आलं असतं. दिपानंच काही केलं असेल, असं म्हणता आलं असतं. करुणानं दिपाचे हात सोडले नाहीत.

"माझी चूक हाय," ती म्हणाली. "तेल मीच सांगितलं. हळदीत बसनार असाल तर लावू नका, हे सांगायला पाह्यजे व्हतं. मला सुचलं न्हाई."

"मंग नवीन लावा," चतुराबाई म्हणाल्या.

"त्याला दिवा लागतो. लाइट..."

"लाइट सातला येनार." चतुराबाईंनी कपाळाला हात लावला. "अन् हळद सहाला लागनार."

करुणाला आता रडूच येणार होतं. तेवढ्यात दारात उभा असलेला स्वप्निल म्हणाला, "आई, तुझ्या लुगड्याला हळद लागली तर काय करतीस तू?"

"काय करनार? धुते, अन् उन्हात टाकते. दोन-तीन तास कडक ऊन खाल्लं की डाग उडून जातो."

सगळ्यांनी दिपाच्या हातांकडं पाहिलं.

करुणानं नखं स्पिरिटनं पुसली, वरची चमक फाइलनं जरा खरवडली. अंगणात भर उन्हात सुपावर पांढरं फडकं अंथरलं आणि त्यावर दिपाचे दोन्ही हात ठेवले. नवरीचं तोंड रापू नये म्हणून स्वप्निल तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला. पाहुणे येता-जाता बघत, हसत. अर्धा तास झाला, काही झालं नाही. करुणा नखांवरून नजर काढेना. पाऊण तास. तिला वाटलं कड जरा फिकी झाली, मग वाटलं आपल्यालाच तसं दिसतंय. तिनं मनातल्या मनात अप्पांना, नांदेडच्या बाईंना, सगळ्यांना हाका मारल्या. दीड तासानं करंगळीचं नख उजळलं. अगदी खरंच उजळलं. मग त्याच्या शेजारचं.

"चाललं," चतुराबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकाकडं वळल्या.

दिपाच्या जिवात जीव आला तशी तिची जीभही सुटली. "मॅडम, तुमच्याबी नखायला हळद हाय की. ठेवा हितंच, सुपात. उडून जाईल."

करुणानं आपला हात पाहिला. चार नखांच्या कडांना बुधवारची रेघ होती, फिकी झालेली. छत्रीखालून स्वप्निल बघत होता. ती भित्री होती, आणि त्या क्षणी तर तिला आयुष्यात वाटली नव्हती इतकी भीती वाटत होती. तिनं हात ओढणीखाली, मांडीवरच्या सावलीत घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "हे... टिकलेलं बरं."

छत्री कलली.

"दादा," दिपा डोळे मिटून म्हणाली, "ऊन माझ्या तोंडावर येऊन राहिलं."

चार वाजेपर्यंत नखं दुधी झाली. करुणानं साधा, हवेवर सुकणारा टॉप कोट दिला. मग आपल्या पेटीतल्या रबरी हातमोज्यांची बोटं कापून ती दिपाच्या दहाही बोटांवर चढवली, हळद लागून, धुऊन होईपर्यंत काढायची नाहीत म्हणून बजावलं. साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना गाडी दुकानासमोर थांबली. सोनाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि पुन्हा सुईत मान घातली.

दिपाचं लग्न झालं. पांढरी साडी, दुधी नखं. त्यानंतर आठवड्याभरात साखऱ्याहून तिच्या नणंदा आल्या, डोंगरकड्याच्या दोन नवऱ्या आल्या, आणि सगळ्यांना करुणानं नवा नियम सांगितला की हळदीच्या घरात तेल लावलं तर वरून हातमोजे घालूनच झोपायचं. काडेपेटी तिनं टाकून दिली. दुकान चालायला लागलं होतं. पण स्वप्निल आला नाही. एक दिवस, दोन दिवस, करत सोळा दिवस झाले. नखाच्या कडेवरची रेघ वाढत्या टोकाबरोबर पुढं आली होती. तिला ती कापायची नव्हती. जयंती चार दिवसांवर आली, आणि सोनाजी परभणीबद्दल अवाक्षर काढत नव्हते.

गुरुवारी दुपारी पडद्याच्या फटीतून एक हात आत आला. या वेळी बाटली पडली नाही, पण करुणा मात्र ताडकन उभी राहिली.

"नख तुटलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"दिपाचा फोटो?"

"न्हाई." तो आत आला, उभाच राहिला. "कायीच काम न्हाई आज. उगंच आलो."

पलीकडं मशीन जोरात सुरू झाली.

"इतके दिवस..." ती म्हणाली आणि थांबली.

"हळद संपवून राहिलो होतो. अन् आईशी बोलायचं व्हतं. ती रविवारी येनार हाय, तुमच्या घरी. पन मी म्हनलो, आधी मी इचारतो. तुमची इच्छा नसंल तर ती येनार न्हाई." त्याचा आवाज बसला होता. आज पहिल्यांदा तिला कळलं की घाबरणारी आपण एकटीच नाही.

"माझं दुकान..."

"हितंच राहील. आई म्हनली, चूक कबूल करनारी पोरगी हाय, तिच्या हाताचं काम सोडवायचं न्हाई. रोज सकाळी मी आनून सोडीन. अर्ध्या तासाचा तर रस्ता हाय."

करुणानं पडद्याकडं पाहिलं. मशीन धावत होती. "व्हय," ती म्हणाली.

"काय म्हनला? मशीनमुळं ऐकू आलं न्हाई."

"ऐकू आलंय तुमाला."

"पुन्हा एकदा सांगा."

"व्हय म्हनले," करुणा म्हणाली, आणि त्यानं तिचा हात हातात घेतला. पिवळा रंग कुठं लागला, कुठं नाही, कुणी पाहिलं नाही.

मग मात्र ती थांबली नाही. भीती परत यायच्या आत अप्पांना सांगून टाकायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं हिरवा पडदा एका झटक्यात बाजूला केला.

सोनाजी रस्त्याकडं तोंड करून बसले होते. पाय मशीनवर जोरजोरात चालत होते. सुईखाली कापड नव्हतं. सुईत दोराही नव्हता. रीळ बाजूला खिडकीत ठेवलेलं होतं, आणि नुसती सुई वर-खाली होत होती.

करुणा बघतच राहिली. सोमवार, बुधवार, दांडीवरचे दोन-तीन कपडे, न केलेली कढी, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. "अप्पा..." ती एवढंच म्हणाली.

"परभनीवाल्यायला त्याच दिशी न्हाई म्हनून सांगितलं, लिंबाखालून," सोनाजी वळून न बघता म्हणाले. पाय अजून चालतच होते. "आता झालं का तुमचं बोलून? पाय दुखून राहिले माझे."